तर्कूचे कंपन आणि यंत्रांचा एकसारखेपणा : महाराष्ट्रातील लेथनिर्मितीच्या इतिहासातील एक प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव दोन वाटांवर वसलेले आहे. पूर्वी क्रमांक ६ व आता क्रमांक ५३ असलेला राष्ट्रीय महामार्ग ह्या गावावरून जातो, आणि गोंदियाहून नागभीडमार्गे चांदाफोर्टकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. सभोवार भाताचा प्रदेश आहे. अशा गावात यांत्रिक हत्यारांचा मोठा कारखाना शोधूनही सापडावयाचा नाही; तथापि यांत्रिक हत्यारांच्या गुणदोषांचा परिणाम येथे पोहोचत नाही असे नव्हे. भाताच्या गिरणीचा फिरता दंड, ट्रॅक्टरचा आस, पाण्याच्या पंपाचा दंड, आगगाडीच्या चाकांची जोडी, ह्यांपैकी काहीही घडविले जाते तेव्हा ते कोठल्या तरी लेथवर चढते, आणि झिजले म्हणजे पुन्हा लेथवरच चढते. त्या लेथचा तर्कू जसा फिरेल तशी वस्तू उतरेल. गिरणीमालकास तर्कूचे नाव ठाऊक नसेल. परंतु नवा दंड बसविल्यावर गिरणी थरथरते की नाही, एवढे त्यास निश्चित कळते.

तर्कू म्हणजे कारखान्यातील भाषेत स्पिंडल. लेथच्या डाव्या अंगास असलेल्या हेडस्टॉकमध्ये दोन धारव्यांवर, म्हणजे बेअरिंगांवर, फिरणारा हा पोकळ दंड होय. त्याच्या नाकाडावर चक बसतो व चकात कातावयाची वस्तू धरली जाते. लेथचे बाकीचे सर्व अवयव ह्या एका अक्षाच्या संदर्भाने बसविलेले असतात. म्हणून तर्कूचे कंपन हा त्या यंत्राच्या एका भागाचा दोष न राहता, त्या यंत्रावर होणाऱ्या प्रत्येक वस्तूचा दोष बनतो.

प्रस्तुत लेखात ह्या कंपनाचे ज्ञान कसे वाढत गेले आणि महाराष्ट्रात लेथ घडविण्याच्या उद्योगाशी त्याचा संबंध कसा आला, ह्याचा विचार केला आहे. त्यातील मुख्य प्रतिपादन असे : यंत्राचा आकार नमुन्यावरून उतरविता येतो, परंतु चालत्या यंत्राचे वर्तन नमुन्यावरून उतरविता येत नाही. एक उत्तम लेथ कसबी हातांनी घडविता येतो. शंभर लेथ एकसारखे वागावयाचे तर हाताच्या कसबास मापनाची जोड द्यावी लागते. आपल्याकडील यांत्रिक हत्यारांच्या उद्योगाचा विसाव्या शतकातील प्रवास हा बऱ्याच अंशी ह्या एका पायरीवर चढण्याचा प्रवास आहे.

२. कंपनाचे दोन प्रकार

इतिहासाकडे वळण्यापूर्वी विषयाचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक आहे. तर्कूचे कंपन मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात कंपन घडविणारे बल कर्तनावाचूनही अस्तित्वात असते. चकाचे वजन अक्षाभोवती समतोल नसणे, दंतचक्राचे दाते असमान असणे, पट्ट्याचा सांधा दर फेऱ्यास पुलीवर आपटणे, धारव्यातील गोळ्या अथवा त्यांची वाट सदोष असणे, ही त्याची सामान्य कारणे होत. ह्याला प्रेरित कंपन म्हणतात. यंत्र रिकामे फिरविले तरी ते आढळते, आणि त्याची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या, तर्कूच्या फेऱ्यांशी सरळ प्रमाणात राहते.

ह्या प्रकारातील असमतोलाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० किलोग्रॅम वजनाच्या चकाचे गुरुत्वमध्य अक्षापासून केवळ ०.१ मिलिमीटर सरकलेले असेल, तर मिनिटास ५०० फेऱ्यांना त्यापासून सुमारे २.७ न्यूटन बल उत्पन्न होते. हेच चक मिनिटास ३,००० फेऱ्यांनी फिरविले तर वेग सहापट व बल छत्तीसपट, म्हणजे सुमारे ९९ न्यूटन होते. जुन्या, मंद गतीच्या लेथवर जो दोष खपून जात असे तो नव्या वेगवान लेथवर का खपत नाही, ह्याचे उत्तर ह्या एका गणितात आहे.

दुसऱ्या प्रकारचे कंपन कर्तनातूनच उपजते. यंत्र रिकामे असता ते शांत असते. हत्यार धातूत शिरले आणि कापाची खोली काही मर्यादेपलीकडे गेली की यंत्र एकाएकी कर्कश आवाज करू लागते व कातलेल्या पृष्ठावर लाटांच्या खुणा उमटतात. कामगार ह्यास चॅटर म्हणतात; शास्त्रीय भाषेत ते स्वयंप्रेरित कंपन होय. त्याची कंप्रता तर्कूच्या फेऱ्यांवर फारशी अवलंबून नसते. यंत्राच्या रचनेच्या नैसर्गिक कंप्रतेच्या आसपास ती राहते. पहिल्या प्रकारचा दोष शोधून काढून टाकता येतो. दुसऱ्या प्रकारात कोणताही एक भाग सदोष नसतो. तर्कू, धारवे, हेडस्टॉक, बैठक, वस्तू व हत्यार ह्या सर्वांच्या परस्परसंबंधात ते दडलेले असते. नमुन्यावरून यंत्र उतरविणाऱ्यास अडचण येते ती मुख्यतः येथे.

३. पाश्चात्त्य ज्ञानाची वाटचाल

फिरत्या दंडाच्या कंपनाचा शास्त्रीय अभ्यास यांत्रिक हत्यारांसाठी सुरू झाला नाही. रँकिन ह्याने १८६९ साली ह्या विषयावर लिहिले, आणि विशिष्ट वेगापलीकडे दंड सुरक्षित फिरू शकत नाही असा निष्कर्ष काढला. पुढे स्वीडनमधील द लाव्हाल ह्याने आपल्या वाफेच्या टरबाइनात लवचीक दंड वापरून त्या वेगापलीकडेही दंड शांतपणे फिरतो हे प्रत्यक्ष दाखविले. १८९४ साली डंकर्ली ह्याने अनेक भार वाहणाऱ्या दंडाचा क्रांतिक वेग अजमावण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९१९ साली जेफकॉट ह्याने असमतोल दंडाच्या वर्तनाची उपपत्ती सुस्पष्ट मांडली. रँकिनचा निष्कर्ष कोठे चुकला होता ते तीवरून उलगडले.

परंतु ही सारी विद्या टरबाइनाच्या लांब व सडपातळ दंडाची होती. लेथचा तर्कू आखूड व जाड असतो, आणि त्या काळातील लेथ क्रांतिक वेगाच्या पुष्कळ खाली चालत असे. त्यामुळे दंडविज्ञानाची प्रगती होऊनही लेथवाल्याच्या पदरात फारसे काही पडले नाही. त्याचा खरा शत्रू चॅटर हा होता. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर ह्याने धातुकर्तनावर सुमारे २६ वर्षे प्रयोग करून १९०६ साली आपला प्रसिद्ध प्रबंध यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे ठेवला. कर्तनवेग, खोली व सरक ह्यांचे नियम त्याने आकड्यांत बसविले. परंतु चॅटर ही कारागिरापुढील सर्वांत गूढ व नाजूक अडचण आहे, आणि तिच्यासाठी अचूक सूत्र देता येणार नाही, असे त्याने मान्य केले. उपाय म्हणून त्याने हत्याराच्या वक्र धारेची शिफारस केली. कारण वक्र धारेने निघणाऱ्या किसाची जाडी सर्वत्र सारखी नसते आणि त्यामुळे कंपनास एकच लय सापडत नाही. हा उपाय अनुभवाचा होता. त्यामागील उपपत्ती येण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

दरम्यान दुसऱ्या बाजूने एक महत्त्वाचे पाऊल पडले. बर्लिननजीक शार्लोटेनबुर्ग येथील प्राध्यापक गेओर्ग श्लेझिंगर ह्यांनी यांत्रिक हत्यारांच्या तपासणीच्या पद्धती व्यवस्थित रूपात मांडल्या. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला. तर्कूच्या शंकूत ३०० मिलिमीटर लांबीची अचूक घासलेली दांडी बसवावयाची, तीवर डायल गेज टेकवावयाचे आणि तर्कू हाताने सावकाश फिरवून काटा किती हलतो ते पाहावयाचे. सर्वसाधारण लेथसाठी नाकाडाजवळ ०.०१ मिलिमीटर व ३०० मिलिमीटर अंतरावर ०.०२ मिलिमीटर अशी मर्यादा पुढे बहुतेक देशांच्या मानकांत रूढ झाली. लेथ चांगला की वाईट हा प्रश्न त्यामुळे प्रथमच विक्रेत्याच्या शब्दावर वा गिऱ्हाइकाच्या अनुभवावर न ठेवता आकड्यांवर ठेवता आला. मात्र ही चाचणी जवळजवळ थांबलेल्या यंत्राची होती. भार पडल्यावर व वेग घेतल्यावर तर्कू कसा वागेल ह्याबद्दल ती काही सांगत नसे.

४. रेल्वेचे कारखाने आणि फिटरचा हात

महाराष्ट्रात लेथ प्रथम मोठ्या संख्येने आले ते रेल्वेच्या व गिरण्यांच्या दुरुस्तीशाळांत. मुंबईत परळ व लोअर परळ येथील रेल्वे कारखान्यांनी कारागिरांच्या पिढ्या घडविल्या. विदर्भात नागपूरचा मोतीबाग कारखाना १८७९ साली स्थापन झाला. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियापासून उत्तरेस जबलपूरकडे आणि दक्षिणेस नागभीडकडे अरुंदमापी मार्गांचे जाळे विणले. ह्या मार्गांची रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होती. सौंदड हे ह्याच जाळ्यावरील स्थानक. अरुंदमापी इंजिने व डबे ह्यांच्या दुरुस्तीचे काम मोतीबागेत होत असे. सौंदडवरून जाणारा मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंदमापी करण्यात आला.

आगगाडीची चाके झिजली म्हणजे ती आसासह लेथवर चढवून पुन्हा कातावी लागतात. एका आसावरील दोन्ही चाकांचे घेर समान नसले तर जोडी रुळाच्या एका बाजूस ओढ घेते. म्हणून एकसारखेपणा ही येथे सुरक्षिततेची बाब ठरते. चाकाचा व्यास मोठा, फेरे थोडे, काप जड, आणि झिजलेल्या पृष्ठाचा थर कठीण, अशा स्थितीत चॅटर उद्भवण्यास पुरेपूर वाव असतो. त्यावरील तत्कालीन इलाज तीन : वेग बदलणे, काप हलका करणे, आणि तर्कूच्या धारव्यांची ढिलाई काढणे.

ह्यांपैकी तिसरा इलाज फिटरचा होता, आणि तो खऱ्या अर्थाने कसबाचा होता. तर्कूचे धारवे त्या काळी बहुधा काशाचे वा पांढऱ्या धातूचे असत. फिटर तर्कूच्या अंगास निळा रंग लावी, तो धारव्यात ठेवून किंचित फिरवी, आणि जेथे रंग उमटे तो उंचवटा स्क्रेपरने खरवडून काढी. ही क्रिया अनेकदा केल्यावर तर्कू सर्वांगाने टेके, तरीही तेलाचा पातळ पापुद्रा राहण्यापुरती जागा उरे. जागा जास्त झाली तर तर्कू डुलतो. कमी झाली तर धारवा तापून धरतो. तेलाचा हा पापुद्रा तर्कूस नुसता वाहून धरीत नाही, तर कंपनाची ऊर्जाही शोषून घेतो. उत्तम खरवडलेला साधा धारवा म्हणूनच आजही काही घर्षणयंत्रांत आदराचे स्थान टिकवून आहे.

परंतु ह्या कसबाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. दोन फिटरांनी बसविलेले दोन तर्कू एकसारखे निघतीलच असे नाही, आणि एकाच फिटरने सोमवारी व शनिवारी बसविलेले तर्कूही एकसारखे निघतीलच असे नाही. दुरुस्तीशाळेत ह्याने फारसे अडत नसे, कारण तेथे प्रत्येक यंत्र म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण होते. लेथ वापरणे आणि लेथ दुरुस्त करणे ह्यांच्या पलीकडे जाऊन लेथ घडवून विकावयाचे ठरले, तेव्हा मात्र हा प्रश्न उभा राहिला.

५. नांगरापासून लेथपर्यंत

ह्या संक्रमणाचे सर्वांत ठळक उदाहरण किर्लोस्करांचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखनाचे शिक्षक होते. तेथून बेळगावास येऊन त्यांनी सायकलींच्या व्यवसायातून यंत्रांच्या व्यवसायात प्रवेश केला. कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर ही त्यांची आरंभीची उत्पादने होत. १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर त्यांनी कारखाना हलविला, व त्या वसाहतीस पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यांत्रिकी अभियांत्रिकीचे पदवीधर होऊन १९२६ साली परतले. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यांत्रिक हत्यारे बनविण्यासाठी म्हैसूर किर्लोस्कर ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली, आणि लेथ हे तिचे ओळखचिन्ह ठरले. साताऱ्यास धनजीशा कूपर ह्यांनी १९२२ साली स्थापिलेला कारखानाही नांगर व तेल-इंजिने ह्यांच्या वाटेने पुढे गेलेला दिसतो.

नांगराकडून लेथकडे जाणारी ही वाट वरवर पाहता सरळ वाटते. दोन्हींना ओतकाम लागते, दोन्हींना कातकाम लागते. तथापि दोन्ही वस्तूंच्या गुणवत्तेचे स्थान निराळे आहे. नांगराचा गुण त्याच्या आकारात व धातूत असतो. चांगला नांगर समोर ठेवला, त्याची वक्रता साच्यात उतरविली आणि धातू योग्य जातीचा ओतला, तर दुसरा नांगर पहिल्यासारखा चालतो. लेथचे तसे नाही. समजा, उत्तम विलायती लेथ उकलून त्याच्या प्रत्येक भागाचे माप घेतले व तंतोतंत त्याच मापाचा दुसरा लेथ जुळविला. तर्कूचा व्यास तोच, लांबी तीच. तरीही पुढील धारव्याची ढिलाई मिलिमीटरच्या काही सहस्रांशांनी जास्त झाली, हेडस्टॉक बैठकीवर सर्वांगाने टेकला नाही, किंवा ओतीव लोखंड पुरेसे मुरविले न गेल्यामुळे काही महिन्यांनी पीळ खाऊ लागले, तर दुसरा लेथ पहिल्याच्या निम्म्या खोलीच्या कापासही चॅटर करू शकतो. ह्यांपैकी एकही गोष्ट आराखड्यावरील मापात दिसत नाही.

उलट, आराखड्यात दिसणारी गोष्ट किती परिणामकारक असते तेही पाहण्यासारखे आहे. तर्कूचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो. व्यास एक दशांशाने वाढविला तर वाकण्यास होणारा विरोध सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून अनुभवी रचनाकार तर्कू जाड करतो, नाकाड पुढील धारव्याच्या शक्य तितके जवळ ठेवतो, आणि दोन धारव्यांतील अंतर विचारपूर्वक ठरवितो. परंतु धारवाच मऊ असेल तर तर्कूचा हा सारा ताठपणा वाया जातो. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच.

६. युद्धकाळ : प्रतवारीचा पहिला धडा

दुसऱ्या महायुद्धात विलायती यंत्रांची आवक आटली आणि शस्त्रनिर्मितीसाठी लेथांची मागणी मात्र वाढली. १९४१ साली सरकारने यांत्रिक हत्यारांवर नियंत्रण आदेश लागू केला, व देशी यंत्रांमध्ये प्रतवारीची यंत्रे आणि प्रतवारीबाहेरची यंत्रे असा भेद रूढ झाला. हा भेद ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाचा आहे. तोपर्यंत देशी लेथ म्हणजे स्वस्त लेथ, एवढीच त्याची बाजारातील ओळख होती. आता अमुक यंत्र अमुक कसोटीस उतरले आहे, असे म्हणण्याची पाळी कारखानदारावर आली. देशी मालाबद्दलचा अभिमान आणि देशी मालाची परीक्षा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ह्या काळाने शिकविले.

युद्ध संपताच ह्या उद्योगावर संकट आले. युद्धात वापरलेली विलायती यंत्रे स्वस्तात बाजारात आली व आयातही पुन्हा सुरू झाली. १९४६ साली भारतीय यांत्रिक हत्यार उत्पादकांची संघटना स्थापन झाली. संरक्षक जकातीची मागणी त्या काळी सर्वच उद्योग करीत होते. परंतु यांत्रिक हत्यारांच्या बाबतीत त्या मागणीस एक निराळे उत्तर मिळत असे. कापडाचा वाईट ठाण विकत घेणाऱ्याचे एकट्याचेच नुकसान होते. वाईट लेथ विकत घेणारा त्या लेथवर पुढील वीस वर्षे वाईट माल काढतो. यंत्रे निर्माण करणाऱ्या यंत्राचा दोष गुणाकाराने पसरतो. जकात दोषास आश्रय देऊ शकेल, परंतु तो दूर करू शकणार नाही, ही अडचण खरी होती.

७. मापनाच्या संस्था

स्वातंत्र्यानंतर ह्या अडचणीस दोन मार्गांनी उत्तर देण्यात आले. पहिला मार्ग परदेशी सहकार्याचा. १९५३ साली हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी बंगळूर येथे स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोन कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाली, आणि लेथ हेच तिचे पहिले उत्पादन होते. महाराष्ट्रात अंबरनाथ येथे त्याच वर्षी संरक्षण खात्याचा यांत्रिक हत्यारांचा नमुना कारखाना सुरू झाला. स्विस सहकार्यातून मिळालेली मोलाची वस्तू नुसते आराखडे ही नव्हती; कोणता भाग कोणत्या क्रमाने, कोणत्या तापमानास, कोणत्या मापनयंत्राने तपासावयाचा, ही शिस्त त्यांच्यासोबत आली.

दुसरा मार्ग मानके व संशोधन ह्यांचा. १९६२ साली यांत्रिक हत्यारांच्या चाचणीची भारतीय मानक संहिता प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी बंगळूरला केंद्रीय यांत्रिक हत्यार संस्था चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने स्थापन झाली. हे सहकार्य कोणाशी झाले ह्यास महत्त्व आहे, कारण यांत्रिक हत्यारांच्या कंपनाचे आधुनिक शास्त्र ज्या थोड्या ठिकाणी घडत होते त्यांपैकी प्राग हे एक होते.

ह्याच काळात धारव्यांचा प्रश्नही बदलला. गोळ्यांचे व रुळांचे धारवे तर्कूत सर्रास वापरले जाऊ लागले. हे धारवे विशेष कारखान्यात बनतात, व त्यांची अचूकता वर्गवार ठरलेली असते. भारतात असा पहिला कारखाना १९४६ साली जयपूर येथे निघाला. पुण्याजवळ चिंचवड येथे १९६० च्या दशकात स्वीडिश सहकार्याने दुसरा मोठा कारखाना उभा राहिला. फिटरच्या खरवडीची जागा आता पूर्वभाराने घेतली : धारवे एकमेकांवर आगाऊ दाबून बसविले की ढिलाई नाहीशी होते व ताठपणा वाढतो. पण दाब अधिक झाल्यास उष्णता वाढते आणि आयुष्य घटते. म्हणजे कसब संपले असे नाही; ते खरवडण्यातून दाब ठरविण्यात गेले, आणि दाब मोजता येतो, एवढा मोठा फरक पडला.

पुण्यात ह्या शिस्तीचे एक निराळे उदाहरण दिसते. सुमंत मुळगावकर (१९०६–१९८९) ह्यांच्या नेतृत्वाखाली टेल्को कंपनीने १९६६ साली पुण्यास काम आरंभिले ते मोटारगाड्या जुळविण्यापासून नव्हे, तर यांत्रिक हत्यारांचा विभाग व उमेदवारांचे प्रशिक्षण ह्यांपासून. गाडी करण्याआधी गाडी करणारी यंत्रे आणि ती यंत्रे करणारी माणसे घडवावीत, हा क्रम ह्या उद्योगाच्या इतिहासात विशेष नोंद घेण्याजोगा आहे.

८. चॅटरची उपपत्ती

टेलरने गूढ म्हणून बाजूस ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर ह्याच सुमारास मिळाले. ब्रिटनमध्ये आर्नल्ड ह्याने १९४६ साली पोलाद कातताना होणाऱ्या हत्याराच्या कंपनाचे विस्तृत प्रयोग प्रसिद्ध केले. प्राग येथे यिर्झी त्लुस्ती व त्यांचे सहकारी, आणि ब्रिटनमध्ये टोबायस ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात पुनरुत्पत्तीचा सिद्धांत मांडला. टोबायस ह्यांचा यांत्रिक हत्यारांच्या कंपनावरील ग्रंथ १९६५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

सिद्धांताचा गाभा सोपा आहे. हत्यार एका फेऱ्यात पृष्ठावर सूक्ष्म लाट सोडते. पुढील फेऱ्यात तेच हत्यार त्या लाटेवरून जाते. त्यामुळे किसाची जाडी कमीजास्त होते, कर्तनबल कमीजास्त होते, आणि यंत्र पुन्हा हलते. जुनी लाट व नवी लाट समलय असतील तर किसाची जाडी बदलत नाही व कंपन विरून जाते. त्या विशिष्ट अंतराने मागेपुढे असतील तर प्रत्येक फेरा मागील फेऱ्याच्या कंपनास खतपाणी घालतो. समजा, कंपन सेकंदास १५० आहे. मिनिटास ५०० फेऱ्यांना एका फेऱ्यात बरोबर १८ लाटा पडतात व लाटा जुळतात. मिनिटास ४८० फेऱ्यांना एका फेऱ्यात १८.७५ लाटा पडतात, आणि हे पाऊण लाटेचे अंतर चॅटरास अतिशय अनुकूल असते. कुशल कामगार वेग किंचित बदलून यंत्र शांत करी, त्याचे मर्म येथे आहे. अर्थात मंद गतीच्या लेथवर एका फेऱ्यात अनेक लाटा पडत असल्याने ह्या युक्तीचा लाभ थोडाच होतो. एका फेऱ्यात थोड्या लाटा पडतात अशा वेगवान यंत्रांत तो पुष्कळ होतो. टेलरच्या वक्र धारेचेही मर्म ह्या उपपत्तीच्या प्रकाशात अधिक स्पष्ट झाले.

ह्या सिद्धांताचा एक फलितार्थ आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक आहे. कापाची सुरक्षित खोली यंत्राच्या ताठपणावर आणि कंपनशोषक शक्तीवर अवलंबून असते, व ह्या दोन्ही गोष्टी मोजता येतात. यंत्रास हातोडीने हलका ठोका देऊन त्याचा प्रतिसाद नोंदविणे, ही आज प्रयोगशाळांत व कारखान्यांतही रूढ असलेली रीत ह्याच विचारातून निघाली. १९६५ साली कूली व ट्यूकी ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या जलद गणनपद्धतीमुळे आणि पुढे लहान संगणकांच्या प्रसारामुळे ती सुलभ झाली. श्लेझिंगरची दांडी थांबलेल्या यंत्राचे माप देत होती. आता चालत्या यंत्राच्या वर्तनासही माप मिळाले. फिरत्या अक्षाची अचूकता चालू स्थितीत कशी तपासावी ह्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००६ साली प्रसिद्ध झाले.

९. एकसारखेपणाचे दोन अर्थ

ह्या सर्व विवेचनात एकसारखेपणा हा शब्द दोन अर्थांनी आला आहे, व ते वेगळे ठेवणे इष्ट होय. एक अर्थ, एकाच नमुन्याची अनेक यंत्रे सारखी वागणे. दुसरा, एकच यंत्र सकाळी व दुपारी, पहिल्या वर्षी व दहाव्या वर्षी सारखे वागणे. पहिला अर्थ कारखानदाराच्या हाती असतो; दुसरा बऱ्याच अंशी वापरणाराच्या.

दुसऱ्या अर्थाची परीक्षा पूर्व विदर्भासारख्या प्रदेशात कठोर होते. लांबी मोजण्याचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस मानलेले आहे. गोंदिया जिल्ह्यात उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४० अंशांपलीकडे जाते. अर्धा मीटर लांबीचा पोलादी तर्कू २० अंशांनी तापला तर सुमारे ०.११५ मिलिमीटरने लांबतो. हेडस्टॉकही तापतो, परंतु तितकाच व तितक्याच लवकर तापत नाही. परिणामी धारव्यांवरील दाब बदलतो, तेल पातळ होते, आणि सकाळी निर्वेध गेलेला काप दुपारी चॅटर करू शकतो. लहान दुरुस्तीशाळेत तापमाननियंत्रण शक्य नसते. परंतु यंत्र काही वेळ रिकामे फिरवून तापू देणे, हंगामास योग्य तेल वापरणे, चक समतोल ठेवणे आणि तर्कूचे नाकाड ठराविक काळाने डायल गेजने तपासून आकडा लिहून ठेवणे, ह्या गोष्टी कोठेही शक्य आहेत. ह्यांतील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

१०. उपसंहार

सारांश, महाराष्ट्रातील लेथनिर्मितीच्या इतिहासाचे तीन टप्पे पाडता येतात. रेल्वेच्या कारखान्यांनी तर्कू सांभाळावयास शिकविले. तेथे ज्ञान फिटरच्या बोटांत होते. किर्लोस्करादी उद्योजकांनी तर्कू घडविण्याचे धाडस केले. तेथे ज्ञान नमुन्यात व आराखड्यात शोधले गेले, आणि नमुन्याची मर्यादाही कळून आली. तिसऱ्या टप्प्यात ते मापनाच्या संस्थांकडे व चाचणीपत्रकांकडे आले. प्रत्येक टप्पा मागच्यास पुसून टाकीत नाही. आजही धारव्यावरील दाब ठरविताना अनुभवी हात लागतोच. परंतु हाताने मिळविलेले यश लिहून ठेवल्याखेरीज दुसऱ्या हातास देता येत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकावर ह्यातून एक कर्तव्य येते. अरुंदमापी मार्गाची इंजिने व डबे आता मोतीबागेतील संग्रहालयात जपलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक लेथसोबत कारखान्यातून निघालेले चाचणीपत्रक, ज्यावर तपासनीसाच्या सहीखाली तर्कूचा ढळ मिलिमीटरच्या शतांशांत नोंदलेला असतो, त्याला कोणी इतिहासाचे साधन मानीत नाही. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला; अशा कारखान्यांची यंत्रे भंगारात व कागद रद्दीत जातात. एखाद्या समाजाने यंत्रविद्या आत्मसात केली की केवळ यंत्रे विकत घेतली, ह्या वादाचा निर्णय भाषणांतून किंवा उत्पादनाच्या बेरजांतून लागत नाही. तो त्या चाचणीपत्रकांच्या रांगेत, एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी किती जुळतो ह्यात, लिहिलेला आहे. ती पत्रके नष्ट होण्यापूर्वी गोळा करणे हे यंत्रशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावयाचे काम आहे.